मुलाला इजिप्तचा ध्यास लागतो तेव्हा

आठ-नऊ वर्षांचं मूल एक दिवस जाहीर करतं की मोठेपणी मी प्राचीन इजिप्तचा अभ्यास करणार. निमित्त काहीही असू शकतं. शाळेच्या पुस्तकातलं पिरॅमिडचं चित्र, ममीवरचा माहितीपट किंवा नोव्हेंबर २०२५मध्ये गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम पूर्णपणे खुलं झालं तेव्हा टीव्हीवर सारखा दिसत राहिलेला तुतनखामेनचा सोन्याचा मुखवटा. घरातल्या प्रतिक्रियाही बहुधा ठरलेल्या असतात. कुणी कौतुकानं हसून विषय सोडून देतं, कुणी ‘आधी गणितात मार्क आण’ म्हणतं आणि हौशी घरांत पुढच्या वाढदिवसाला ममीचं खेळणं आणि गुळगुळीत कागदावरची दोन-तीन चित्रमय पुस्तकं येतात. मुलाला अभ्यास करायचा आहे, हे मात्र कुणी मनावर घेत नाही. माझ्या मते ते मनावर घ्यायला हवं. त्यासाठी करिअरचा आराखडा आखायची गरज नाही, कारण हे मूल पुढे इजिप्तॉलॉजिस्ट होईल की नाही, याचा हिशेब त्या वयात मांडताच येत नाही. पण हा अभ्यास ज्या कामांवर उभा आहे ती कामं, म्हणजे नवी भाषा शिकणं, नेमकं मोजणं, समोरची वस्तू नीट पाहून तिचं चित्र काढणं, पुरावा कुठला आणि आपली कल्पना कुठली हे वेगळं ठेवणं, ही आजच, घरबसल्या आणि थोड्या पैशांत सुरू करता येतात. मोठ्यांची मदत तिथेच लागते. या शास्त्राचा स्वतःचा इतिहास चाळला तर याची साक्ष पुन्हा पुन्हा मिळते.

सुरुवात चित्रलिपी वाचणाऱ्या झाँ-फ्रान्स्वा शाँपोलियाँपासून करू. त्याचा जन्म १७९०चा, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या फिजाक गावातला. वडील पुस्तकविक्रेते. शाळेत त्याचं फारसं जमत नव्हतं, गणित तर कच्चंच होतं. त्याला हाताशी धरलं ते बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावानं, झाक-झोझेफनं. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला जायची या भावाची स्वतःची इच्छा होती, ती पुरी झाली नव्हती. त्यानं १८०१मध्ये धाकट्याला ग्रनोबलला आपल्याकडे आणलं आणि लॅटिन-ग्रीकपाठोपाठ हिब्रू, अरबी, सिरियाक अशा एकेका भाषेची सोय लावून दिली. मग कॉप्टिक आली. कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचीच शेवटची अवस्था. ती ग्रीक अक्षरांच्या आधारे लिहिली जाई आणि इजिप्तमधल्या ख्रिस्ती चर्चच्या प्रार्थनांमध्ये तगून राहिली होती. सोळाव्या वर्षी या मुलानं ग्रनोबलच्या विद्वत्सभेपुढे इजिप्तमधल्या स्थळनामांवर निबंध वाचला. नंतरची दोन वर्षं तो पॅरिसला शिकला आणि तिथे एका कॉप्टिक धर्मगुरूकडे जाऊन ती भाषा त्यानं घोटून घेतली. पैशांची ओढाताण कायम होती आणि खर्चाचा भार भावावर होता. पुढे १८२२च्या सप्टेंबरात अबू सिंबेलच्या मंदिरातल्या एका राजनामाची नक्कल त्याच्यापुढे आली. तिच्यात सूर्याची तबकडी, मग एक न उलगडलेली खूण आणि शेवटी ‘स’ची ओळखीची खूण दोनदा होती. सूर्याला कॉप्टिकमध्ये ‘रे’ म्हणतात हे त्याला मुखोद्गत होतं, आणि त्या आधारावर रामसेसचं नाव वाचता आलं. ज्यानं ही लिपी जगाला उलगडून दिली त्यानं इजिप्तच्या मातीवर पाय ठेवला तो १८२८मध्ये, सहा वर्षांनी. भावानं त्याला इजिप्तची सफर घडवली नव्हती. त्यानं भाषांचे शिक्षक मिळवून दिले, फी भरली, पत्रं लिहिली आणि १८३२मध्ये शाँपोलियाँ अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेल्यावर त्याचं व्याकरण आणि कोशही छापून पुरा केला.

हॉवर्ड कार्टरच्या बाबतीत भाषेच्या जागी चित्रकला आहे. तुतनखामेनची कबर शोधणारा हा माणूस १८७४मध्ये जन्मला. त्याचं शाळेतलं शिक्षण जेमतेमच झालं. वडील प्राण्यांची चित्रं काढणारे चित्रकार होते आणि त्यांनी मुलाला आपली कला शिकवली. तो वाढला त्या नॉरफोकमध्ये अॅमहर्स्ट नावाच्या सरदार घराण्याच्या वाड्यात इजिप्शियन वस्तूंचा मोठा संग्रह होता, तो त्याला पाहायला मिळाला. थडग्यांच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला पर्सी न्यूबेरी या अभ्यासकाला एक हात हवा होता. अॅमहर्स्ट कुटुंबानं या पोराचं नाव सुचवलं आणि १८९१मध्ये सतराव्या वर्षी तो बेनी हसनला रवाना झाला. पुढची एकतीस वर्षं बाजूला ठेवू. ४ नोव्हेंबर १९२२ला कबरीची पहिली पायरी सापडल्यानंतर त्यानं काय केलं, हे मुलांना आवर्जून दाखवण्यासारखं आहे. कबरीतल्या ५३९८ वस्तू बाहेर काढायला आणि नोंदवायला जवळपास दहा वर्षं लागली. प्रत्येक वस्तूला क्रमांक, क्रमांकाचं कार्ड, कार्डावर हातानं काढलेली आकृती, आकृतीला मापं आणि सोबत हॅरी बर्टननं घेतलेला फोटो. मण्यांनी विणलेल्या वस्तूंचा धागा कधीच कुजून गेला होता, मणी मात्र आपापल्या जागी पडून होते. हात लागताच ते विखुरले असते आणि तीन हजार वर्षांपूर्वीची नक्षी कायमची गेली असती. म्हणून त्यांवर वितळलेलं पॅराफिन मेण ओतून ते होते तसे धरून ठेवले आणि मगच हलवले. ही सगळी कार्डं, रोजनिशी आणि फोटो ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटनं आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. सोन्याच्या मुखवट्याच्या पोस्टरपेक्षा कार्टरच्या हस्ताक्षरातलं एक कार्ड मुलाला जास्त शिकवतं, कारण त्यात कामाची रीत दिसते.

फ्लिंडर्स पीट्रीचं उदाहरण पालकांना सगळ्यात उपयोगी पडेल असं मला वाटतं. जन्म १८५३चा, प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळा जवळजवळ नाहीच. वडील विल्यम इंजिनिअर होते. त्यांनी मुलाला जमिनीची मोजणी शिकवली आणि बापलेकांनी मिळून स्टोनहेंजची मोजमापं घेतली. तेराव्या वर्षी पीट्रीच्या हाती पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाचं पिरॅमिडवरचं पुस्तक पडलं. खुफूच्या पिरॅमिडच्या मापांत वर्षाचे दिवस आणि ईश्वरी संकेत दडले आहेत, असा त्या पुस्तकाचा दावा होता. पीट्रीचे वडीलही त्याच्या प्रेमात होते. शास्त्राच्या दृष्टीनं ते पुस्तक चुकीचं होतं, पण या घरात पिरॅमिडबद्दल नुसती चर्चा करून कुणी थांबलं नाही, तिथे मोजपट्ट्या आणि कोनमापक यंत्रं होती. १८८०मध्ये पीट्री स्मिथचं म्हणणं तपासायला गिझाला गेला, एका रिकाम्या थडग्यात राहिला आणि दोन हंगाम इंचाच्या अंशापर्यंत मापं घेत बसला. स्मिथच्या गणिताला लागणाऱ्या लांबीपेक्षा पिरॅमिडची बाजू सुमारे सहा फुटांनी आखूड भरली आणि तो डोलारा कोसळला. ज्या कल्पनेनं मुलाला इजिप्तची गोडी लावली तीच त्यानं स्वतःच्या मोजमापांनी मोडीत काढली आणि १८८३मध्ये निकाल छापून टाकला. पुढे हाच माणूस खापरांच्या बदलत्या घडणीवरून थडग्यांचा काळक्रम लावायला शिकला आणि त्यातून उत्खननाच्या शास्त्राला शिस्त आली.

इथे चौकस वाचक अडवेल, आणि त्यानं अडवायलाच हवं. यशस्वी झालेल्या तिघांची चरित्रं निवडली की हवं ते सिद्ध करता येतं. ज्यांचे भाऊ तितकेच प्रेमळ होते आणि ज्यांच्या वडिलांनी तितक्याच निष्ठेनं चित्रकला शिकवली, पण पुढे काहीच घडलं नाही, अशांची चरित्रं कोण लिहितं? हा आक्षेप मला मान्य आहे. भाषा शिकवली की शाँपोलियाँ तयार होतो, असा माझा दावा नाही. ही उदाहरणं एवढंच सांगतात की मदत उपयोगी पडली तेव्हा ती कोणत्या प्रकारची होती. अधिक व्यापक पुरावा हवा तर बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाचं १९८५मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन पाहावं. पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणितज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ अशा आपापल्या क्षेत्रात पुढे गेलेल्या १२० जणांचं बालपण त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासलं. यांतले फार थोडे लहानपणी असामान्य म्हणून ओळखले गेले होते. त्यांचे पहिले शिक्षक फार मोठे तज्ज्ञ नव्हते, पण ते प्रेमळ होते आणि शिकणं खेळीमेळीचं ठेवत. कडक शिस्त आणि तज्ज्ञ गुरू नंतर आले. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं म्हणतात, पण या अभ्यासात पाळण्यातल्या पायांवरून फारसं काही ओळखता आलं नव्हतं. दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. वरचे तिघेही साम्राज्यांच्या काळातले युरोपीय होते आणि इजिप्तची दारं त्यांना आपसूक उघडी होती. खुद्द इजिप्तमधल्या अहमद कमालचं काय झालं? १८५१मध्ये जन्मलेला हा बुद्धिमान माणूस कैरोमध्ये ब्रुग्श या जर्मन विद्वानाच्या शाळेत चित्रलिपी शिकला. शाळा बंद पडली, आणि पुरातत्त्व खातं चालवणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना थारा दिला नाही. आपल्याच पूर्वजांच्या वस्तूंजवळ जायला त्याला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. १९२३मध्ये तो गेला तेव्हा त्याचा २२ खंडांचा कोश हस्तलिखितातच होता. गुणवत्ता आणि कष्ट असूनही दार उघडणारं कुणी नसेल तर काय होतं, ते इथे दिसतं. मोठ्यांची मदत मी इतकी मोलाची मानतो ती म्हणूनच. शिवाय इजिप्तचं वेड लागलेल्या प्रत्येक मुलाला कमालची गोष्ट सांगायला हवी. प्राचीन इजिप्तचे वंशज आजही तिथे राहतात, अरबी बोलतात आणि आपला वारसा स्वतः उकरून अभ्यासतात, हे चित्रमय पुस्तकांत सहसा येत नाही.

आता घरी काय करता येईल ते पाहू. इजिप्शियन लोक शाही हातानं मोजत. हा हात सुमारे ५२.४ सेंटिमीटरचा असे. त्याचे ७ तळवे आणि २८ बोटं असे भाग पाडलेले असत. जाड पुठ्ठ्याची अशी पट्टी मुलाला बनवायला लावा. खुफूच्या पिरॅमिडची बाजू ४४० हात आणि उंची २८० हात होती. त्याचा उतार ते असा सांगत: दर एक हात, म्हणजे ७ तळवे, वर चढताना भिंत साडेपाच तळवे आत सरकते. आलेखाच्या कागदावर ७ चौकोन उभे आणि साडेपाच आडवे मोजून रेघ मारली की पिरॅमिडचा खरा उतार समोर येतो, आणि कंपासपेटीतला कोनमापक ५२ अंशांच्या किंचित आतलं माप दाखवतो. २८०ला २२०नं भागून हेच गुणोत्तर येतं का, ते पडताळून पाहायला सातवी-आठवीचं गणित पुरतं. ‘आधी गणितात मार्क आण’ म्हणणाऱ्यांना इथे वेगळं उत्तर द्यायची गरजच उरत नाही. दुसरं एक काम वाचनाचं. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीच्या दगडाची एक मोठी कपची आहे, दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातली. राजांच्या कबरी खोदणाऱ्या देर अल-मदिना गावातल्या चाळीसेक कामगारांची ती हजेरी आहे. गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि त्यांच्या वर कारणं तांबड्या शाईत. कुणाचे डोळे आले होते, कुणाला विंचू चावला होता, कुणी घरी बीअर गाळत होता, कुणी आईच्या अंत्यसंस्कारात गुंतला होता. म्युझियमच्या संकेतस्थळावर तिचा फोटो आहे. तो मुलासमोर ठेवून विचारावं की एवढ्यावरून आपल्याला नक्की काय कळतं आणि काय कळत नाही. विंचू चावल्याचं कारण खरंच होतं की सबब, हे दगड सांगत नाही. या एका प्रश्नावर दहा वर्षांचं मूल तासभर बोलू शकतं, आणि इतिहासकार करतात तोच विचार त्याच्या हातून होऊन जातो.

हे सगळं करताना बक्षिसं मात्र जपून द्यावीत. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलंत तर सुंदर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी बक्षिसाचा विषय नसताना रंगीत पेनं समोर ठेवली, तेव्हा याच मुलांनी इतरांपेक्षा कितीतरी कमी वेळ चित्रं काढली. आवडीचं काम मोबदल्याचं झालं की आवड पातळ होते. ‘सगळे फेरो पाठ केलेस तर टॅब’ हा सौदा म्हणूनच घातक आहे, आणि नातेवाइकांसमोर राजांची नावं म्हणून दाखवायला लावणंही त्याच जातीचं. हे वेड चार दिवसांचं आहे, उद्या डायनासोर येतील आणि परवा क्रिकेट, असंही म्हटलं जातं. येऊ देत. सुझान हिडी आणि अॅन रेनिंजर या संशोधकांनी आवड कशी वाढते याचे चार टप्पे मांडले आहेत. आरंभी बाहेरच्या निमित्तानं कुतूहल जागं होतं, मग आसपासच्या माणसांच्या आधारानं ते टिकतं, आणि पुढे कधीतरी मूल स्वतः प्रश्न काढू लागलं की ती त्याची स्वतःची आवड होते. मधला आधार मिळाला नाही तर ती विझू शकते. चार दिवसांचं आहे म्हणून दुर्लक्ष करणारी मोठी माणसं नकळत ते चार दिवसांचं करून टाकतात. आणि आधार देऊनही ओसरलंच, तर मोजायला आणि पाहून चित्र काढायला शिकलेला हात मुलाजवळ राहतोच.

‘आपला इतिहास काय कमी आहे, की पोरानं परक्या देशाच्या मागे लागावं?’ हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो. त्याचं उत्तर तांबड्या समुद्राच्या काठावर, इजिप्तच्या बेरेनिके बंदरात सापडतं. रोमन काळातल्या या बंदरातल्या सेरापिसच्या मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात सात किलोंहून अधिक काळी मिरी मिळाली. तिथे सागवान आणि भारतीय सुती कापडही सापडलं. २०२३मध्ये इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यानं तिथल्या नव्या शोधांची घोषणा केली. त्यांत बुद्धाची मूर्ती होती, एक संस्कृत लेख होता आणि दुसऱ्या शतकातली दोन सातवाहन नाणी होती. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरं येतात. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला कसं जाई, हेही त्यात येतं. तुतनखामेनमुळे सुरू झालेला प्रवास असा पैठणच्या पेठेत येऊन पोचतो. तुलनेतून आणखी एक प्रश्न उभा राहतो. इजिप्तच्या कोरड्या हवेत साडेचार हजार वर्षांपूर्वीची पपायरसची भेंडोळी टिकली, तर आपल्याकडे सातवाहनांचा इतिहास बराचसा दगडात आणि नाण्यांतच का शोधावा लागतो? पावसाळा आणि वाळवी यांचा विचार ज्या मुलाच्या मनात इथे येतो, त्याला आपला इतिहास आधीपेक्षा जास्त कळलेला असतो. चित्रलिपी शिकण्याआधी ब्राह्मी शिकवायला हरकत नाही. मूळ अक्षरं चाळिसाच्या आसपास आहेत, आणि कार्ले, कान्हेरी किंवा नाणेघाटातल्या नागनिका राणीच्या लेखासमोर उभं राहून एखादं नाव स्वतः लावता आलं तर शाँपोलियाँच्या आनंदाची थोडी चव मिळते. सोपाऱ्यात १८८२मध्ये सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ममीच पाहायची असेल तर हैदराबाद, बडोदा, जयपूर, लखनौ आणि कोलकाता इथल्या संग्रहालयांत ममी आहेत, त्यासाठी कैरोचं तिकीट काढावं लागत नाही. फक्त एका भेटीत सगळं संग्रहालय उरकू नये. एकच वस्तू, अर्धा तास, वही आणि पेन्सिल एवढं पुरे.

मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले असं सांगणाऱ्या चित्रफिती त्याच्यापर्यंत पोचतातच. त्यावर बंदी घालणं निरुपयोगी आहे, आणि चिडवणं तर त्याहून वाईट. पीट्रीप्रमाणेच मार्क लेनर हा अमेरिकन माणूस अशाच कल्पना डोक्यात घेऊन १९७०च्या दशकात इजिप्तला गेला होता. स्फिंक्सखाली लुप्त संस्कृतीचं दप्तर दडलं आहे, असं मानणाऱ्या पंथाचा त्याला पाठिंबा होता. तिथे प्रत्यक्ष मोजणी करता करता त्याचं मत बदललं, आणि पुढे त्यानंच पिरॅमिड बांधणाऱ्यांची वस्ती, त्यांच्या भट्ट्या आणि पाव भाजायची भांडी उजेडात आणली. २०१३मध्ये पिएर ताले यांच्या पथकाला तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ इथे खुफूच्या काळातले पपायरस मिळाले, लेखन असलेले आजवरचे सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची नोंदवही आहे. कोणत्या दिवशी तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, रात्री मुक्काम कुठे केला, गिझाला कधी पोचलो, असा साधा दैनंदिन तपशील. मुलानं चित्रफीत पाहावी आणि मेरेरची वहीही पाहावी. मग दोहोंपैकी कुणाजवळ तारीख, ठिकाण आणि माणसाचं नाव आहे, हे त्यालाच विचारावं.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. इजिप्तॉलॉजीत नोकऱ्या थोड्या, शिक्षण लांबलचक, आणि पदवी घ्यायची तर आजही परदेशी जावं लागतं. आठव्या वर्षी हे सांगून मुलाला गप्प करण्यात अर्थ नाही, पण नववी-दहावीत हे स्पष्टपणे सांगायलाच हवं, आकड्यांसकट. इंग्लंड-अमेरिकेतली फी बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. जर्मनीत परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचं शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. पदवीचे वर्ग बहुतांशी जर्मनमध्ये चालतात, आणि इजिप्शियन भाषेचा १९२६ ते १९३१ दरम्यान निघालेला पाच खंडांचा मूलभूत कोशही जर्मनच आहे. म्हणून शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात भाषा निवडायची वेळ येते तेव्हा जर्मन किंवा फ्रेंच घेणं हा या आवडीला दिलेला सगळ्यात ठोस आधार ठरतो. पुढे मन बदललं तरी ती भाषा वाया जात नाही. दहावीनंतर विज्ञान की कला यावरूनही घरात वादळ व्हायला नको. तुतनखामेनच्या कबरीत वस्तू वाचवणारा आल्फ्रेड लुकास रसायनशास्त्रज्ञ होता. २०१७मध्ये खुफूच्या पिरॅमिडमधली मोठी पोकळी हुडकली ती म्युऑन या सूक्ष्म कणांची मोजणी करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी. दुसरीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. हसमुख सांकलियांनी वाढवलेल्या या विभागानं १९६८पासून इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन करून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, धान्य आणि दफनं उजेडात आणली. इथे शिकून मग इजिप्तकडे वळता येतं, किंवा इथेच रमता येतं. घर गहाण टाकून अठराव्या वर्षी परदेशी धाडणं हाच प्रेमाचा पुरावा, असं मात्र कुणी मानू नये.

आणि ती वेळ हुकली म्हणजे दार बंद झालं, असंही नाही. मार्गारेट मरे १८६३मध्ये कोलकात्यात जन्मली. तिथल्या इस्पितळात तिनं परिचारिकेचं काम केलं. चित्रलिपीच्या वर्गात ती पहिल्यांदा बसली ती १८९४मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, वयाच्या तिसाव्या वर्षी. विभाग पीट्रीचा होता. चार वर्षांत ती तिथेच शिकवू लागली, १९०२-०३च्या हंगामात तिनं अबायडॉसला ओसिरिऑनचं उत्खनन केलं आणि १९३५मध्ये निवृत्त होईपर्यंत पुढच्या इजिप्तॉलॉजिस्टांच्या पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या.